हातभर अंतरावरचा पूल

मित्रांनो, एखाद्याकडे पाठ फिरवून त्याचाच फोटो काढायचा, ही रीत मला म्हातारपणी कळली. तुम्ही माझ्यावर येता, कठड्याला टेकता, हात लांब करून मोबाइल उंच धरता आणि हसता. तुमच्या कानामागे जे काहीतरी लोखंडी, तिरपे तिरपे दिसते, तो मी. चांगल्यातल्या चांगल्या फोटोतही माझा जेमतेम पाव हिस्सा येतो. पण माझी तक्रार मुळीच नाही. पूर्वी माझ्यावरून जाणारी निम्मी माणसे झोपेत असत. आता जी येतात ती जागी असतात आणि हसत असतात, हे काय कमी आहे?

मी एक जुना पूल आहे. ऐन उमेदीची वर्षे रेल्वेच्या चाकरीत घालवली आणि आता पायी चालणाऱ्यांच्या सेवेत आहे. याला कुणी बढती म्हणतात, कुणी उतरती कळा. मी त्या वादात पडत नाही. ज्याच्या अंगाखांद्यावर सकाळ-संध्याकाळ माणसे वावरतात, त्याने हुद्द्याची चौकशी करू नये.

माझा जन्म मोठा देखणा होता. हे मी स्वतःच सांगतो, कारण तो पाहिलेले आता कुणी उरलेले नाही. आधी पाथरवटांनी नदीच्या पात्रात दगडी खांब उभे केले. मग लोखंडी तुळया आणि तिरप्या पट्ट्या आल्या. त्या जोडायला तेव्हा वेल्डिंग नव्हते, रिवेट होते. रिवेट म्हणजे गोल डोक्याचा जाडजूड खिळाच म्हणा. काठावर भट्टी पेटलेली असे. भट्टीवाला लालबुंद रिवेट चिमट्याने वर भिरकावी, तुळईवर बसलेला गडी तो पत्र्याच्या डब्यात अलगद झेली, दुसरा तो भोकात सरकवी आणि तिसरा त्यावर घण घाली. झेल चुकला की रिवेट थेट नदीत, आणि नदी चुर्र असा आवाज करून तो गिळून टाकी. माझ्या अंगावरचा प्रत्येक रिवेट असा हवेतून उडत आलेला आहे. त्या झेलणाऱ्या गड्याचे मला अजून कौतुक वाटते. खाली खोल पाणी, हातात डबा, समोरून येणारा निखारा, आणि हा पठ्ठ्या आपला शीळ घालत बसलेला.

मग गाड्या सुरू झाल्या. कोळशाच्या आल्या, डिझेलच्या आल्या, धान्याच्या आल्या, सैनिकांच्या आल्या. प्रवासी मुक्कामाला पोहोचला की गाडीचे गुण गातो आणि उशीर झाला की रेल्वेच्या नावाने बोटे मोडतो. पुलाची आठवण कुणाला होत नाही. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. पुलाची आठवण होऊ लागली, तर समजावे की काहीतरी बिनसले आहे.

एका माणसाला मात्र माझी आठवण रोज व्हायची. तो रंगाऱ्यांच्या टोळीचा मुकादम. लोखंडाचा खरा वैरी म्हणजे गंज, आणि पाणी, वारा, दव असे सगळे त्याला सामील. म्हणून माझ्यासारख्याला एका टोकापासून रंगवत निघायचे, आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाचा रंग विटलेला असायचा, की पुन्हा श्रीगणेशा. मुकादमाने हे काम वर्षानुवर्षे केले. कमरेला दोर, दोरांना टांगलेली फळी, फळीवर तो बसलेला आणि नाकासमोर मी.

त्याची कामाची एक पद्धत होती. आधी खरवडणीने जुना रंग आणि गंज काढायचा. मग तारेचा ब्रश मारायचा, फडक्याने पुसून घ्यायचे, आणि मग डोळे मिटून त्या जागेवरून तळहात फिरवायचा. हाताला बारीकसे जरी टोचले, तरी पुन्हा खरवडणी. हाताचे समाधान झाले की मगच शेंदरी अस्तर आणि त्यावर राखाडी रंग. टोळीतले गडी त्याची चेष्टा करत. मुकादम पुलाला मालिश करतात, असे म्हणत. तो म्हणे, "डोळा कामचुकार असतो. त्याला घरी जायची घाई असते." कुठल्या सांध्यात पाणी साचते, कुठल्या पट्टीआड कबुतरे बसतात, हे त्याला तोंडपाठ होते. आई लेकराच्या कानामागे घासते ना, तसा तो माझ्या कानाकोपऱ्यात शिरायचा. मी त्याला फार मानत असे.

पुढे थोड्या अंतरावर सिमेंटचा नवा पूल झाला. रुंद, सरळ, अंगावर एकही रिवेट नाही. स्वभावाने बरा आहे, आमचे काही वाकडे नाही. गाड्या तिकडून जाऊ लागल्या आणि माझे रूळ उचलले. मुकादमाची नोकरीही त्याच सुमारास संपली. त्याने सामान गोळा केले, माझ्या एका तुळईवर थाप मारली आणि मागे वळून न पाहता तो निघून गेला.

त्यानंतरची वर्षे आठवू नयेत अशी गेली. वेली चढल्या, रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले, गंजाला मोकळे रान मिळाले. काठावरून जाणारे माझ्याकडे बोट दाखवत आणि भंगारात का काढत नाहीत, असे एकमेकांना विचारत. मी ऐकून घेई.

मग नगरपालिकेत कुणाला तरी सुबुद्धी झाली. माणसे आली, वेली काढल्या, कुजके स्लीपर काढून जाड फळ्या बसवल्या. कठडे लावले, दिवे लावले, बसायला बाकडी ठेवली आणि मला आकाशी रंग दिला. या वयात आकाशी! आधी मला लाज वाटली, मग हळूहळू आवडू लागला. लोक येऊ लागले. नवी जोडपी, जुनी जोडपी, कुत्रे घेऊन फिरणारे, कुत्रे ज्यांना घेऊन फिरते असे, सायकल हातात धरून चालणारे, आणि फोटो काढणारे तर विचारूच नका. गाडी मला ओलांडून जात असे. माणसे माझ्याकडे येतात. हा फरक कळायला मला जवळजवळ एक जन्म लागला.

सगळे आले, पण मुकादम आला नाही.

माझ्या एका टोकाला पहारेकऱ्याची खोली आहे. खोली कसली, एक खुर्ची, एक छत्री, एक बॅटरी आणि एक चहाचा थर्मास मावेल एवढी जागा. मुकादमाचा जावई शिंपी आहे. तो रोज सकाळी फिरायला आला की त्या दारात टेकतो. गळ्यातली टेप तो घरी ठेवून येत नाही आणि त्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते. त्यामुळे मुकादमाच्या घरची खबर मला बसल्या जागी मिळत असे. तो सासऱ्यांना मामा म्हणतो. मामांचे म्हणणे असे होते की पुलावर बाकडी ठेवली आहेत, उद्या पलंग टाकतील. ज्यावरून गाडी जात नाही त्याला पूल म्हणत नाहीत, ओटा म्हणतात. नदीपलीकडे काम निघाले तर ते मुद्दाम लांबचा वळसा घेत, पण माझ्यावर पाय ठेवत नसत. शिंपी हे हसत हसत सांगे आणि पहारेकरीही हसे. मला हसू येत नसे.

एके दिवशी शिंपी आला तो हसला नाही. थर्मासचे झाकण पहारेकऱ्याने पुढे केले, तरी त्याने चहा घेतला नाही.

"मामांची नजर कडेनं आत आत मिटत चाललीय," तो म्हणाला. "बोगद्यातून बघावं तेवढंच दिसतं आता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर काही परत येत नाही. आणि उरलीय तीही फार दिवस टिकायची नाही."

मित्रांनो, पुलाने हादरणे बरे नव्हे. पण मी हादरलो.

शिंप्याची बायको, म्हणजे मुकादमाची मुलगी, गावात फोटोवाली ताई म्हणून ओळखली जाते. तिच्या मनाने एकच घेतले होते. नजर आहे तोवर बाबांनी एकदा पुलाला पाहावे. नाहीतर हा रुसवा मनात तसाच राहील आणि त्यावर कायमचा अंधार पडेल. तिने विनवण्या केल्या, रागावून पाहिले, अबोला धरून पाहिला. बाप तिच्यापेक्षा हट्टी. रिक्षा दारात उभी केली, तर तो रिक्षावाल्यालाच चहा पाजून परत पाठवी. शेवटी तिने ठरवले, बाबा पुलाकडे जात नाहीत ना, मग पूल बाबांकडे न्यायचा.

तिच्या हातात ती कला होती. तिचा स्टुडिओ नवऱ्याच्या दुकानाला लागूनच आहे आणि मधे एक दार आहे. कुणी पासपोर्टच्या फोटोसाठी चुरगळलेल्या कपड्यात आला, की शिंप्याकडून पांढरा सदरा येतो, मागून चिमटे लावून अंगाबरोबर बसवतात आणि फोटो झाला की सदरा परत खुंटीवर जातो. निम्म्या गावाच्या ओळखपत्रांवर तोच एक सदरा आहे. स्टुडिओत एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आरशाशेजारी सुतळीने बांधलेला कंगवा. खांदे सरळ, हनुवटी किंचित खाली, हसू नका, हलू नका. असे तिने हजारो चेहरे टिपले आणि एकाही कचेरीतून तिचा फोटो परत आला नाही. शिंपी हे छाती फुगवून सांगतो, आणि मला वाटते, योग्यच सांगतो.

त्याच पद्धतीने तिने मला टिपले. सकाळी ती काठावर आली, माझ्या अगदी समोर कॅमेऱ्याची तिवई लावली, आणि सूर्य पातळ ढगाआड जाईपर्यंत थांबली, म्हणजे सावल्यांची कटकट नको. पुलावर एकही माणूस नको होता. म्हणून शिंपी एका टोकाला आणि पहारेकरी दुसऱ्या टोकाला उभा राहिला. दूधवाला खोळंबला, फिरायला आलेल्या बायका खोळंबल्या, एक कुत्रा मात्र ऐकेना. "दोनच मिनिटं थांबा," शिंपी सगळ्यांना सांगत होता. "पुलाचा पासपोर्ट काढायचाय, तो परदेशी चाललाय." मी मात्र गंभीर होतो. खांदे सरळ ठेवले, हललो नाही. समोरून इतक्या निगुतीने कुणी माझ्याकडे पाहण्याची ती पहिलीच वेळ होती.

फोटो अप्रतिम आला म्हणे. खालचे संथ पाणी, त्यात माझे पुरते प्रतिबिंब, या काठापासून त्या काठापर्यंत मी अखंड. तिने त्याची एक प्रत दुकानाच्या काचेत लावली, तर रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. दुसरी मोठी प्रत चौकटीत बसवून तिने बाबांपुढे धरली. मुकादमाने फोटो खिडकीपाशी नेला, भिंग घेतले आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू पाहिला. मग म्हणाला, छान आलाय, कुठला म्हणायचा हा?

तिने चौकट उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. तिला वाटले, आपल्याला उशीर झाला. नजर तरी गेली किंवा आठवण तरी. दोन्हींपैकी काय गेले हे विचारायचा तिला धीर होईना.

त्यानंतर ती एकदा माझ्यावर आली आणि बाकावर नुसती बसून राहिली. कॅमेरा पिशवीत होता, तो तिने काढलाही नाही. शिंपी थोड्या वेळाने येऊन शेजारी बसला. बायको गप्प असली की याला बोलण्याची जास्तच उबळ येते. तो दिवसाआड सासऱ्यांची दाढी करून देतो. दाढी करता करता कालच विषय निघाला होता, तो त्याने तिला गंमत म्हणून सांगायला घेतला.

"मी म्हटलं, मामा, सगळा जन्म त्या पुलावर काढलात आणि फोटोत ओळखला नाहीत? तर म्हणाले, अरे, मी त्याला असा लांबून पाहिलाय कधी? रुळावरून यायचो, रुळावरून जायचो. काठावर उभं राहून बघायला मी काय सहलीला आलो होतो?"

तो हसला. ती हसली नाही. ती ताठ बसली.

"मग बाबांनी पूल कुठून पाहिलाय?"

"कुठून म्हणजे? नाकासमोर. हातभर अंतरावरून."

ती उठून माझ्या एका तिरप्या पट्टीपाशी गेली आणि हात लांब करून, हाताचे अंतर ठेवून उभी राहिली. त्या अंतरावरून नदी दिसत नाही, काठ दिसत नाही, आकाशही दिसत नाही. दिसतात ते रिवेट, एकाशेजारी एक. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी बाबांना भलत्याच कुणाचा तरी फोटो दाखवला." आणि मग तिला हसू आले. मित्रांनो, स्वतःची चूक कळल्यावर हसणारी माणसे मला फार आवडतात. मला हे आधीपासून ठाऊक होते. पण ज्याला तोंड नाही त्याने सांगावे कसे?

पुढचे काही दिवस आमची नुसती धमाल चालली होती. आता तिला कोवळे तिरपे ऊन हवे असे, म्हणजे प्रत्येक रिवेटला स्वतःची सावली पडे. ती फळ्यांवर पालथी पडली, कठड्यावरून खाली लोंबकळली, आणि शिंपी तिचे घोटे धरून बसला. जिथे कबुतरांशिवाय कुणी गेले नव्हते, अशा माझ्या सांध्यांत तिने कॅमेरा घातला. माझ्या काखा कुणी अशा कौतुकाने पाहतील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. फोटो छापायचे ते खऱ्याच मापाचे, असे तिने ठरवले होते. माझा रिवेट जेवढा, तेवढाच कागदावर. मग शिंप्याची टेप गळ्यातून उतरली. तो एकेक रिवेट मोजू लागला, पट्ट्यांची रुंदी घेऊ लागला आणि खडूने फळीवर मापे टिपू लागला. येणारे-जाणारे विचारत, काय चाललंय? "सदरा शिवायचाय पुलाला," तो सांगे. "कॉलर नको म्हणतोय."

मधल्या दगडी खांबाच्या वर, तुळईच्या खालच्या अंगाला एक सांधा आहे. तिथे आकाशी रंगाला बारीक बारीक फोड आले होते आणि तिरप्या उन्हात ते चमकत होते. ताईला ती जागा फारच सुंदर वाटली. तिने तिथले पुष्कळ फोटो काढले. मला तिथे बरेच दिवस खाज सुटत होती, पण तिचा आनंद पाहून मी ते विसरलो.

नंतर एका सकाळी शिंपी जवळजवळ धावतच आला. चहा न घेता, न बसता, त्याने पहारेकऱ्याला सगळी हकीकत सांगितली. आदल्या दिवशी त्यांनी ते फोटो मामांच्या पलंगावर पसरले. मामांनी भिंग घेतले, एक फोटो डोळ्यांपाशी नेला, आणि भिंग खाली ठेवले. मग कागदावरून तळहात फिरवला. "मधल्या खांबाच्या अलीकडचा," ते म्हणाले. दुसरा घेतला. हा पलीकडचा, इथे कबुतरं. तिसरा घेतला. इथे माझी खरवडणी नदीत पडली होती. एकामागून एक. प्रत्येक फोटो त्यांच्या त्या बोगद्याएवढ्या नजरेत नेमका मावत होता. ते हसत होते, टोळीतल्या गड्यांची टोपणनावे घेत होते, आणि मुलगी पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसून डोळे पुसत होती. मग त्या सांध्याचा फोटो हातात आला. मामांनी तो खिडकीकडे नेला, परत आणला, पुन्हा नेला. त्यांचे हसू मावळले.

"याला खरवडलंच नाही," ते म्हणाले. "गंजावर रंग फासलाय नुसता." ताई सांगू लागली की बाबा, तो तर सगळ्यांत छान फोटो आहे. त्यांचे लक्षच नव्हते. रात्रभर त्यांना झोप नाही. उजाडल्याबरोबर पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "माझ्या चपला कुठे आहेत?"

"मग?" पहारेकऱ्याने विचारले.

"मग काय? येतायत. मी पुढं पळत आलो."

आणि खरेच तो आला. मुलीच्या कोपराला धरून, दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेऊन. पाठ वाकली होती, केस गेले होते. पण चाल तीच. पूर्वी तो माझ्यावर स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत चाले. आता सलग फळ्या असूनही त्याची पावले तशीच लांब, मोजून पडल्यासारखी पडत होती, आणि मुलीला त्याच्याबरोबर उड्या माराव्या लागत होत्या. बाकड्यांकडे त्याने लक्ष दिले नाही. एकाला त्याचा गुडघा लागला तेव्हा तो जे पुटपुटला, ते मी तुम्हा मुलांना सांगणार नाही.

त्या सांध्यापाशी तो न विचारता थांबला. गुडघे टेकले, कठड्याखालून हात घातला, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. मग पिशवीतून खरवडणी काढली. आकाशी रंगाचे पापुद्रे पाण्यावर पडले आणि खाली तपकिरी गंज उघडा झाला. तो मला पाहत होता की नाही, कोण जाणे. पण बोलला माझ्याशीच, अगदी हळू.

"काय रे, एवढं झालं आणि गप्प राहिलास?"

माझ्यावरून भरलेल्या मालगाड्या गेल्या आहेत. पण इतके वजन मी तोवर कधी पेलले नव्हते.

शिंप्याबरोबर पहारेकरीही तिथे आला होता. त्याला मुकादमाने शांतपणे समजावून सांगितले. कुणाला दोष दिला नाही. रंग देणाऱ्यांना घाई असेल, म्हणाला, पुन्हा देताना मात्र आधी खरवडायला सांग. पहारेकरी मान डोलावून आपल्या खोलीकडे गेला, आणि सांगायला आनंद वाटतो की नगरपालिकेचे रंगारी पुढे खरेच आले आणि त्यांनी मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरवडून रंगवले.

पण ते पुढचे. त्या वेळी ताई उभी होती आणि तिच्यासमोर तिचे बाबा गुडघ्यांवर बसलेले होते, चेहऱ्यावर कोवळे ऊन आणि हात लोखंडावर. इतका सुंदर फोटो तिला सगळ्या जन्मात मिळाला नव्हता. तिने कॅमेरा उचलला.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून शाळेची मुले निघाली. त्यांना तेव्हाच शर्यत लावायची हुक्की आली. इतकी पावले फळ्यांवर एकदम पडली की मी थरथरलो, गाडी यायच्या आधी थरथरायचो तसा. अजून कुणाला काही ऐकू आले नव्हते. पण मुकादमाचा तळहात माझ्यावर होता, त्याला कळले.

गाडी आली की पुलावर काम करणाऱ्यांनी जायचे कुठे? त्यासाठी माझ्या अंगाला ठिकठिकाणी बाहेर काढलेले छोटे सज्जे आहेत. आता तिथे लोक फोटोसाठी उभे राहतात. मुकादम ताडकन उठला. "बाजूला व्हा," म्हणाला. मोठ्याने नव्हे, पण ते न ऐकण्याची कुणाची टाप नव्हती. त्याने मुलीचे मनगट धरले, खांद्याने जावयाला ढकलले आणि तिघे सज्जात, पाठ कठड्याला लावून उभे. मुले धडधडत आली आणि त्यांच्या नाकासमोरून धडधडत गेली. सगळ्यांत मागे त्यांच्या बाई, धापा टाकत. शेवटच्या डब्यातल्या गार्डला हात दाखवायचा, म्हणजे इकडे सगळे ठीक आहे, खुशाल जा, असा मुकादमाचा शिरस्ता होता. त्याने मोकळा हात उंच केला. बाईंना हा म्हातारा कोण, हे माहीत असायचे कारण नव्हते. पण धावता धावता त्यांनीही हात उंच केला.

"गेली," मुकादम म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

शिंप्याने थट्टा करायला तोंड उघडले होते, ते तसेच मिटले. ताईच्या गळ्यात कॅमेरा लोंबत होता. तिचे उजवे मनगट बाबांच्या मुठीत होते. जरा ओढून घेतले असते तरी फोटो मिळाला असता. तिने ओढले नाही. मुले पार पलीकडे पोहोचली, माझी थरथर थांबली, तरी त्यांनी मनगट सोडले नाही आणि तिनेही ते सोडवून घेतले नाही.

आता मुकादमाची नजर पूर्ण गेली आहे. तो रोज येतो, मुलीबरोबर नाहीतर जावयाबरोबर, आणि माझ्या सांध्यांवरून हात फिरवत एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. कधी कधी बाकावरही बसतो. पण ते त्याला कुणी बोलून दाखवलेले चालत नाही.

मित्रांनो, फोटो खुशाल काढा. पाठ करून काढा, तोंड करून काढा, मला दोन्ही चालते. पण ज्याचा फोटो काढाल, मग तो पूल असो, घरची जुनी सायकल असो की आपले म्हातारे माणूस असो, त्याच्यावरून एकदा हातही फिरवा. वरून छान दिसते ते आत कुठे टोचते, हे हाताला कळते. आणि टोचले तर वरून रंग लावू नका. आधी खरवडा.

ताईच्या दुकानाच्या काचेत आज माझे पुष्कळ फोटो आहेत. सज्जातल्या त्या सकाळचा मात्र एकही नाही. म्हणून ती मी तुम्हाला सांगितली.